शनिवार-रविवारी युरोप: शिकायला आलेल्यांचे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

मी कोल्हापूरची. जर्मनीत आखनला मास्टर्स केलं आणि आता तिथून तासाभराच्या अंतरावर नोकरी करते. दर ऑक्टोबरात नवी बॅच येते, अनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) होतं, बँकेचं खातं उघडतं, आणि पुढच्याच आठवड्यात मेसेज सुरू होतात: "ताई, वीकेंडला कुठे जाऊ?" प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. बहुतेक गोष्टी आखनच्या आसपासच्या आहेत, कारण मला तेवढंच नीट माहीत आहे. तुम्ही म्युनिक किंवा ड्रेस्डेनला असाल तर गावं बदलतील, नियम बरेचसे तेच राहतील.

पहिल्याच सुट्टीत पाच देश करून टाकू का?

करा. सांगून कोणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं. ख्रिसमसच्या सुट्टीत नऊ दिवसांत पाच राजधान्या केल्या. रात्री बसमध्ये झोप, सकाळी स्टेशनच्या लॉकरमध्ये सॅक, दिवसभर पायपीट, परत बस. आज त्यातलं आठवतं ते एवढंच: प्रागमध्ये बुटात पाणी शिरलं आणि व्हिएन्नात दोन तास लाँड्रीत बसून मोजे वाळवले. चर्चचे ढीगभर फोटो आहेत. कुठलं चर्च कुठल्या गावचं, ते फोन सांगतो म्हणून कळतं.

जानेवारीत खात्यात पैसे उरले नव्हते. एका रविवारी घरातले कांदे संपले. जर्मनीत दुकानं बंद, म्हणून मैत्रिणीबरोबर सिटी बसनं सीमेपलीकडे फाल्सला गेले. फाल्स नेदरलँड्समध्ये आहे, तिथे रविवारीही सुपरमार्केट उघडं असतं. कांदे घेतले, छान ऊन पडलं होतं म्हणून गावामागची टेकडी चढलो. त्या दुपारी जे पाहिलं ते पाचही राजधान्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलंय. तेव्हापासून मी जवळच्या गावांची वकील आहे. पुढची उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्या.

त्या टेकडीवर एवढं आहे तरी काय?

टेकडीचं नाव फाल्सरबर्ख, उंची ३२२ मीटर. युरोपातल्या डच भूमीवरची ही सगळ्यात उंच जागा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे डेक्कनवर भेळ खात बसलेला माणूस डच शिखराच्याही वर असतो. (२०१० पासून कॅरिबियनमधलं साबा बेट थेट नेदरलँड्सचा भाग धरलं जातं आणि तिथला डोंगर ८८७ मीटरचा आहे. बिचाऱ्या फाल्सरबर्खचा पहिला नंबरही गेला.)

माथ्यावर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमा एका खांबापाशी मिळतात. लोक तिथे तीन देशांत हातपाय टाकून फोटो काढतात आणि आइस्क्रीम खाऊन उतरतात. तुम्ही मात्र वर येणाऱ्या डच रस्त्याचं नाव वाचा: फीरख्रेन्झनवेख. म्हणजे चार सीमांचा रस्ता. देश तीन, मग चौथी सीमा कुठली?

नेपोलियनचा पाडाव झाल्यावर इथल्या जस्ताच्या खाणीवरून प्रशिया आणि नेदरलँड्सचं एकमत होईना. म्हणून १८१६ साली खाणीभोवतीचा साडेतीन चौरस किलोमीटरांचा तुकडा कोणा एकाचा नाही असं ठरलं. नाव पडलं तटस्थ मोरेस्ने. शंभराहून जास्त वर्षं तो तसाच लोंबकळत राहिला. १९०८ मध्ये तिथल्या डॉक्टर विल्हेल्म मोली यांनी या चिमुकल्या जागेत एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचं राष्ट्र काढायचा घाट घातला. नावही ठरलं होतं: अमिकेयो, मैत्रीचं ठिकाण. पहिलं महायुद्ध झालं आणि १९२० मध्ये तुकडा बेल्जियमला मिळाला. आज तिथे केल्मिस हे गाव आहे, खाणीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, आणि आखनहून साधी बस जाते.

केल्मिसच्या थोडं पुढे ऑयपेन. देश बेल्जियम, पण पाट्या जर्मन, शाळा जर्मन, आणि ऐंशी हजारांच्या आसपास असलेल्या या जर्मनभाषक समाजाची स्वतःची संसद. हाही भाग महायुद्धानंतर जर्मनीकडून बेल्जियमकडे आला. कोल्हापूरच्या माणसाला सीमाभाग म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. माझी मावशी निपाणीला असते, आमच्या घरी हा विषय जेवताना निघतो आणि जेवण थंड होईपर्यंत संपत नाही. ऑयपेनच्या बेकरीत पाव घेताना बाईंना विचारलं, तुम्ही स्वतःला काय म्हणवता? त्या म्हणाल्या, "बेल्जियन. पण जर्मनमध्ये." आणि सुटे पैसे मोजायला लागल्या. बाहेर येऊन मी बराच वेळ चौकात बसून होते.

आम्ही सह्याद्रीत भटकणारे. इथे चढायला काही आहे का?

चढायला म्हणाल तर नाही. बेल्जियमचं सर्वोच्च ठिकाण बोत्राँज, ६९४ मीटर. १९२३ मध्ये तिथे सहा मीटरांचा एक उंचवटा रचून त्याला पायऱ्या केल्या, म्हणजे माणूस वर उभा राहिला की ७०० मीटर पूर्ण! कळसूबाईच्या शिड्या चढलेल्यांनी तिथे हसू आवरावं, स्थानिक लोक ते मनापासून सांगतात. मात्र आजूबाजूचं होहेस फेन हे दलदलीचं पठार खरंच पाहण्यासारखं आहे. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालायचं, खाली शेवाळ आणि काळं पाणी, आणि धुकं आलं की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही.

सायकल असेल तर फेनबान. जुन्या रेल्वेच्या वाटेवर आखनहून लक्झेंबर्गमधल्या त्रोआव्हिएर्जपर्यंत १२५ किलोमीटरांचा सायकलमार्ग केलाय. रूळ होते तेव्हा ती जागा बेल्जियमची ठरली, त्यामुळे जर्मनीतून जाताना ही चिंचोळी पट्टी बेल्जियमचीच राहते आणि पलीकडची काही जर्मन गावं बेटासारखी सुटी पडलीयत. एकदम १२५ करायची गरज नाही. मोनशाउपर्यंत जा, दगडी छपरांचं गाव आहे, १८८२ पासूनची मोहरी दळायची गिरणी आहे. तिथली मोहरीची चटणी मी घरी नेली होती. आजीनं चाखली आणि म्हणाली, "फोडणी राहिली."

रविवारी इथे सगळं मेल्यासारखं असतं. करायचं काय?

जर्मनीत रविवार हा विश्रांतीचा दिवस आहे आणि त्याला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे, म्हणून चिडून उपयोग नाही. ड्रिलही मारायचं नाही, काचेच्या बाटल्या टाकायच्या डब्यातही रविवारी बाटल्या फोडायच्या नाहीत, शेजारी चिठ्ठी लावतात.

उपाय सीमेपलीकडे. लिएजला म्यूझ नदीच्या काठी दर रविवारी सकाळी ला बात नावाचा बाजार भरतो, दुपारपर्यंत. कोंबड्या, चीज, मोरोक्कन ऑलिव्ह, स्वस्त मोजे, आणि ओरडून भाव सांगणारे विक्रेते. जर्मनीत चार महिने कुजबुजत काढल्यावर तो आरडाओरडा ऐकला आणि मला लक्ष्मीपुरीतला बाजार आठवला. स्टेशनवर उतरलात की आधी वर बघा. सांतियागो कालात्रावा यांनी बांधलेलं आणि २००९ मध्ये उघडलेलं हे स्टेशन काच आणि पोलादाची लाट आहे. नंतर वॉफल. लिएजच्या वॉफलमध्ये साखरेचे खडे असतात, ते भाजताना वितळून कडक होतात. ब्रसेल्सचं वॉफल हलकं आणि चौकोनी. मी लिएजच्या बाजूची.

फिरायला तिकीट कोणतं घ्यायचं?

डॉइचलांडटिकट, ज्याला आपण सगळे डी-टिकट म्हणतो. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते सेमिस्टर फीमध्येच सवलतीत मिळतं, तेव्हा वेगळं विकत घेण्याआधी आपली फी कशाची आहे ते वाचा. माझ्या बॅचच्या एकानं दोन महिने दोन्हीचे पैसे भरले.

हे तिकीट देशभरातल्या लोकल आणि रिजनल गाड्या, बस, ट्राम, मेट्रोला चालतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. सीमेपलीकडे ते कुठपर्यंत चालतं ते मार्गानुसार बदलतं, म्हणून निघण्याआधी अ‍ॅपमध्ये बघा. मास्त्रिख्तला जाणारी ३५० नंबरची बस आखनहून फाल्समार्गे जाते, पण डी-टिकट फाल्सपर्यंतच.

रिजनल गाडीला वेळ जास्त लागतो, आणि मला तेच आवडतं. खिडकीतून गावं दिसतात, शेजारी खरेदीच्या पिशव्या घेतलेली आजी बसते. रविवारी रात्रीची शेवटची गाडी मात्र धरू नका. एकदा मधल्या स्टेशनवर गाडी रद्द झाली आणि मी सोमवारच्या लॅबला थेट प्लॅटफॉर्मवरून गेले. शेवटच्या आधीची धरा.

लांबचं आधी काढलेलं स्वस्त तिकीट असेल तर हे लक्षात ठेवा: गंतव्य स्थानकावर तासभर किंवा जास्त उशीर झाला तर पंचवीस टक्के, दोन तासांपुढे पन्नास टक्के परत मागता येतात. मागा. लाजायचं काही कारण नाही.

पासपोर्ट नेहमी बरोबर ठेवायचा का? शेंगेनमध्ये सीमा नसते ना?

ठेवायचा, आणि आरपी कार्डही (निवास परवाना). जर्मन आरपी किंवा वैध जर्मन डी व्हिसावर (दीर्घ मुदतीचा व्हिसा) बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे आपसात सीमातपासणी न ठेवण्याचा करार केलेल्या देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं आपल्या सगळ्या भू-सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि ती वाढवत नेली. बसमध्ये पोलिस चढतात. तेव्हा फोनमधला फोटो दाखवून भागत नाही.

इंग्लंड, आयर्लंड आणि सायप्रस शेंगेनमध्ये नाहीत. क्रोएशिया २०२३ पासून आहे, रुमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आहेत.

शेंगेन हे एक गावही आहे बरं का, लक्झेंबर्गमध्ये, मोझेल नदीवर. १४ जून १९८५ ला पाच देशांनी तिथे एका बोटीवर करार केला. ट्रियरहून नदीकाठच्या गाडीनं जर्मनीतल्या पेर्लला उतरायचं आणि पूल चालत ओलांडायचा, पलीकडे शेंगेन. आपल्या व्हिसावरचा शब्द गावाच्या पाटीवर वाचायला वेगळीच मजा येते. पुढे लक्झेंबर्गमध्ये बस, ट्राम आणि ट्रेनचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफत आहे, २०२० पासून. आखनहून हा दोन दिवसांचा बेत आहे. मुक्काम ट्रियरला करा. रोमनांचा काळा दरवाजा, पोर्टा निग्रा, तिथेच आहे, आणि कार्ल मार्क्सचं जन्मघरही.

माझं आरपी कार्ड अजून आलं नाही, नुसता कागद मिळालाय. फिरलं तर चालेल?

मित्र म्हणाला म्हणून जाऊ नका. फिक्शन्सबेशायनिगुंगचे, म्हणजे कार्ड येईपर्यंतच्या त्या तात्पुरत्या कागदाचे, प्रकार वेगवेगळे असतात आणि कुठल्या प्रकारावर देशाबाहेर जाऊन परत येता येतं ते कागदावर कुठल्या चौकटीत खूण आहे त्यावर ठरतं. परदेशी नागरिक कार्यालयाला ईमेल करा, लेखी उत्तर घ्या. तोवर जर्मनी काही छोटी नाही.

बाहेरच्या देशात आजारी पडले तर?

सरकारी विमा असेल तर तुमच्या कार्डाची मागची बाजू उलटून बघा, तेच युरोपियन आरोग्यविमा कार्ड. युरोपीय संघात तातडीच्या उपचारांना ते चालतं. पण आपण भारतीय नागरिक असल्यानं डेन्मार्क, स्वित्झर्लंड आणि नॉर्वेत ते चालत नाही. आल्प्सला निघालात तर वेगळा प्रवासविमा काढा. काही युरोंचं काम आहे आणि स्वित्झर्लंडमध्ये मोडलेला पाय फार महाग पडतो.

पैसे कसे पुरवायचे?

व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. भाडं, विमा, किराणा वजा केला की काय उरतं ते तुम्हाला माहीतच आहे. पार्टटाइम काम वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं, आणि कॅफे-गोदामांना माणसं हवी असतात ती नेमकी शनिवार-रविवारी. म्हणजे वीकेंडला फिरायचं की कमवायचं, हा खरा प्रश्न. मी महिन्यातले दोन शनिवार विकले आणि दोन ठेवले.

ठेवलेल्या शनिवारचा खर्च माझा सहसा दहा-बारा युरोंत भागायचा: तिकीट फीमध्येच, डब्यात थालीपीठ किंवा दशमी-चटणी, थर्मासमध्ये चहा, आणि एक वॉफल. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते, ती फेकू नका. चार बाटल्या म्हणजे एक युरो.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

नाही, पण फसाल. माझी फसवणूक क्रमानं सांगते. बेल्जियमचे प्रसिद्ध फ्राइज पारंपरिक पद्धतीत गाईच्या चरबीत तळतात. बरीच दुकानं आता वनस्पती तेल वापरतात, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. बॉनमध्ये १९२० साली सुरू झालेल्या हारिबो कंपनीच्या त्या जगप्रसिद्ध अस्वलाच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. आणि "मांसाशिवाय" असं सांगितलंत तर एखाद्या खानावळीत सूपवर बेकनचे तुकडे भुरभुरून येतात, कारण त्यांच्या लेखी ते मांस नसतं, चव असते. म्हणून थेट "वेगेटारिश" म्हणा.

तुर्की दुकानातलं फलाफल सगळीकडे तारून नेतं. गेंट शहरात २००९ पासून गुरुवार शाकाहाराचा वार म्हणून पाळतात, तिथे खाण्याची चंगळ आहे. पण माझा आवडता शोध द हेगचा. एका गल्लीतून जाताना फोडणीचा वास आला. आत सुरिनामी रोटीचं दुकान. मऊ, आत डाळीचा भुगा भरलेली रोटी, बटाट्याची भाजी, चवळीच्या लांब शेंगा. गल्ल्यावरच्या काकू आपसात जे बोलत होत्या त्यातलं निम्मं मला कळलं. त्यांचे पूर्वज बिहार-पूर्वांचलातून करारमजूर म्हणून सुरिनामला गेले, पहिलं जहाज 'लाला रूख' जून १८७३ मध्ये पारामारिबोला लागलं. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास हजारो लोक नेदरलँड्सला आले. त्यांची बोली सरनामी. काकूंनी मला विचारलं, "तू कुठल्या गावची?" भारतात कुठे, असं नाही विचारलं. थेट गाव.

स्वस्त विमानांचं काय? वीस युरोंत लिस्बन दिसतंय.

विमानतळाचं नाव वाचा आणि मग नकाशा बघा. 'फ्रँकफर्ट हान' फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे, 'पॅरिस बोव्हे' पॅरिसपासून ऐंशीच्या पुढे. बसचं भाडं मिळवलं की वीसचे साठ होतात. बिगर-युरोपीय पासपोर्ट असेल तर काही कंपन्या कागदपत्रं आधी काउंटरवर तपासून घ्यायला लावतात, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. आणि बॅग मापातच हवी. मैत्रिणीला द्यायला नेलेल्या भडंगाच्या पिशवीनं माझी बॅग फुगली आणि गेटवर तिकिटापेक्षा जास्त दंड झाला. निदान ते भडंग तिथेच खायला हवं होतं, हे विमानात बसल्यावर सुचलं.

पण लिस्बनला जा, खरंच जा. सुपरमार्केटमध्ये शिरा आणि पोर्तुगीज पाट्या मोठ्यानं वाचा. बटाट्यावर लिहिलंय 'बटाटा'. अननसावर 'अननस', काजूवर 'काजू', कोबीला 'कोव्ह', साबणाला 'साबांव', पावाला 'पांव', फितीला 'फिता', किल्लीला 'शाव्ह', जिची आपल्याकडे चावी झाली. साडेचारशे वर्षं गोव्यात राहिलेली राजवट आपल्या स्वयंपाकघरात शिरून बसलीय आणि आपण तिला घरचीच समजतो. हापूस हेही अफोन्सोचंच रूप. नंतर लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. ती बघताना माझ्या पिशवीत सवयीनं घेतलेला पाव-बटाटा होता.

संग्रहालयांना एवढे पैसे कोण देणार?

वय पंचवीस किंवा त्याखाली असेल तर फ्रान्सला आत्ताच जा. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांत आणि स्मारकांत युरोपीय संघात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत असतो, नागरिकत्व लागत नाही, आरपी कार्ड दाखवायचं. लूव्र, ओर्से, सगळं त्यात आलं. मला हे कळलं तेव्हा मी सव्वीस वर्षं आणि तीन आठवड्यांची होते. अ‍ॅमस्टरडॅममधल्या नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीच्या, अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं ऑनलाइनच आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची खुली होतात. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, हेही बघून निघा.

फुटपाथवर पितळी चौकोन दिसतात, ते काय?

श्टॉल्परश्टाइन, म्हणजे ठेच लागणारे दगड. दहा सेंटिमीटरचा चौकोन, वर पितळेचा पत्रा, त्यावर नाव, जन्मवर्ष, कुठे नेलं, कधी मारलं. नाझींनी ज्या माणसाला नेलं तो स्वतःच्या मर्जीनं शेवटचा जिथे राहत होता त्या दारासमोर हा दगड बसवतात. गुंटर डेमनिग या शिल्पकारानं १९९२ मध्ये कोलोनला पहिला बसवला. आता युरोपभर त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे.

मी वर्षभर अशा एका दगडावरून रोज कॉलेजला गेले, बघितला नव्हता. एकदा पावसात पिशवी फाटली, संत्री घरंगळली, ती गोळा करायला वाकले तेव्हा नाव वाचलं. त्यानंतर आखनच्या पास्टोरप्लाट्झवर गेले. अ‍ॅन फ्रँकची आई आखनची. फ्रँकफर्ट सोडल्यावर, अ‍ॅमस्टरडॅमला जाण्याआधी, १९३३ मध्ये काही महिने चार वर्षांची अ‍ॅन इथे आजीकडे होती. मी तिचं नाव अ‍ॅमस्टरडॅमशी जोडत होते. ती माझ्या सुपरमार्केटच्या वाटेवर राहून गेली होती.

कार्निव्हलला कोलोनला जायचंय. भीतीदायक आहे का?

गर्दीदायक आहे. अकरा नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी हंगाम उघडतो, मग थंडीत गप्प, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या चाळीस दिवसांआधी सगळं शहर सुटतं. गुरुवारी बायका पुरुषांचे टाय कापतात; सरांबरोबर मीटिंग असेल तर त्यांनी टाय का घातला नाही ते समजून घ्या. सोमवारी मोठी मिरवणूक. रथावरून चॉकलेटं उधळतात, खालून लोक "कामेले!" ओरडतात. छत्री उलटी धरा, जास्त मिळतात. आरोळी "आलाफ" अशी. ड्युसेलडॉर्फची "हेलाउ" कोलोनमध्ये चुकूनही नको.

माझी रूममेट पणजीची. तिनं पहिल्याच वर्षी सांगितलं की त्याच आठवड्यात शनिवारी त्यांच्याकडे कार्निव्हलच्या राजाची, किंग मोमोची मिरवणूक निघते. दोन्हीकडे कारण एकच, उपवास सुरू होण्याआधीचे शेवटचे दिवस. फरक एवढाच की तिच्या गावी घाम येतो आणि इथे मी दोन थर्मलवर वाघाचा पोशाख घातला होता.

आपल्या माणसांच्या खुणा कुठे सापडतील?

थोडं शोधलं तर बऱ्याच. आखनहून बॉन जवळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनला शिकत असताना १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे जुना राजवाडा. समोरच्या हिरवळीवर मुलं पडलेली असतात, तुम्हीही पडा. ते लंडनला किंग हेन्रीज रोडवर ज्या घरात राहत, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं, तिथे स्मारक आहे. लंडनचंच महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. अर्थात तिकडे जायला वेगळा व्हिसा लागतो.

बर्लिनच्या डाह्लेम भागात इनेश्ट्रासे २२. इथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत इरावती कर्वे १९२७ ते १९३० या काळात संशोधन करत होत्या, मार्गदर्शक ओइगेन फिशर. पुढे हीच संस्था नाझी वंशविज्ञानाचा अड्डा झाली. आता तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात, भिंतीवर त्या गुन्ह्यांची नोंद करणारी पाटी आहे.

श्टुटगार्टला मादाम कामांनी ऑगस्ट १९०७ मध्ये समाजवादी परिषदेत भारताचा झेंडा फडकवला. मुंबईत जन्मलेल्या बाईंनी. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरंही आहेत.

आणि गणपती शनिवारीच बसतो. पंचांगात काही असो, हॉल शनिवारी मिळतो.

मुलीनं एकटं फिरावं का?

मी फिरले. हॉस्टेलमध्ये फक्त मुलींची खोली मिळते, ती घ्या. रात्री उशिरा पोचणारी बस टाळा, फोन चार्ज ठेवा, मोठ्या स्टेशनांवर पाकिटाकडे लक्ष. घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी आईला पोचल्यावर सांगायचे, निघताना नाही.

आई-बाबा येणार आहेत. एकच दिवस आहे, कुठे नेऊ?

लांब नेऊ नका, त्यांना जेट लॅग असतो. मी आखनमध्येच ठेवलं. सकाळी कॅथेड्रल: सम्राट शार्लमेन इथेच पुरलाय, आणि १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी निघाली त्यात जर्मनीतून हे एकच होतं. आईला आवडली ती हत्तीची गोष्ट. बगदादच्या खलिफा हारून अल-रशीदनं सम्राटाला अबुल-अब्बास नावाचा हत्ती भेट पाठवला, तो आल्प्स ओलांडून ८०२ साली आखनला पोचला. "एवढ्या थंडीत? त्याला काय घातलं असेल खायला?" हे तिनं दिवसभरात तीनदा विचारलं.

दुपारी सिटी बसनं फाल्स. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, बरीच वर्षं कोल्हापूर–बेळगाव गाडीवर होते. सीमेवर वातावरण तापलं की त्यांची गाडी कागलातच थांबायची आणि प्रवाशांना ते काय सांगायचे, हे आम्ही शंभरदा ऐकलंय. बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसले. थोड्या वेळानं मागे वळून म्हणाले, "नाका कधी येणार?"

मी म्हटलं, "गेला की मागे. आपण नेदरलँड्समध्ये आहोत."

ते उठून मागच्या काचेपाशी गेले आणि दांडीला धरून उभ्यानंच मागचा रस्ता बघत राहिले. उतरल्यावर म्हणाले, "परत येताना आधी सांग. झोप लागली तरी उठव."